माठावरचा पहारा

आप्पा, तुम्ही गेल्यापासून मला गिळायची भीती वाटते.

चहाचा घोट तोंडात येतो आणि मी थांबते. आता हा कुठे जाईल? घशात दोन वाटा आहेत, एक पोटाची, एक श्वासाची. त्या दोन वाटांच्या तोंडाशी दार उघडणारा आणि लावणारा जो कोणी आहे, तो आज कामावर आला आहे का? एवढं मनात येऊन जाईपर्यंत चहा निवतो. माय म्हणते, "पी ना वं, काय देखी ऱ्हायनी?" मी पिते. काही होत नाही. मग काही झालं नाही याचीच भीती वाटते, कारण सुरुवातीला तुम्हालाही काही होत नव्हतं.

तुम्ही कुठल्या गावचे, खान्देशातून सुरतेला कधी आलात, किती वर्षं लूमवर, यंत्रमागावर, उभे राहिलात, ते सगळं शोकसभेत सांगून झालं. कॉम्रेड मंडळी चांगलं बोलली. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुमच्याशी त्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे. ते घरात होतं तोवर आपण त्याच्याबद्दल धड बोललोच नाही. आपण फक्त पाण्यावरून भांडलो.

सुरुवात कानापासून झाली. लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात. लिंबायतच्या आपल्या गल्लीत असा एक पुरुष सापडणार नाही ज्याच्या कानात खातं सुटल्यावरही लूम वाजत नाही. म्हणून तुम्ही "मन्हा कानमा लूम चाली ऱ्हायना" म्हणालात तेव्हा कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. दिवाळीत खातं बंद झालं आणि आपण गावी गेलो. ओसरीवर बसून तुम्ही उजव्या कानाला तळहात लावलात आणि म्हणालात, "आठे बी चालूच शे." काका हसून लोळले. म्हणाले, "शेठले सांग भाऊ, सुट्टीमा बी माल निंघी ऱ्हायना. डबल बोनस माग!" तुम्हीही हसलात. मीही हसले.

तो आवाज कसा आहे, हे कोणीच विचारलं नाही. लूम खटाखट चालते, दम न घेता. तुमच्या कानातलं धप, धप असं वाजायचं, नाडीबरोबर. जिना चढलात की ते वेगानं वाजायचं. लूम जिना चढत नाही, आप्पा. एवढी साधी गोष्ट. पण सगळ्यांच्याच कानात काहीतरी वाजतं तिथे एकाच्या कानात वेगळं वाजतंय, हे ऐकायचं कोणी?

मग तुमचा बोलण्याचा आवाज गेला. मी लिहायची आणि तुम्ही वाचून दाखवायचात, अशी आपली वाटणी होती. बाराखडी मी तुमच्या युनियनच्या पत्रकांवरच गिरवली. छपाईत बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर शाळेची गणितं केली. पुढे तीच पत्रकं मी लिहू लागले. बमरोलीच्या नाक्यावर चहाच्या गाडीशी उभे राहून तुम्ही ती मोठ्यानं वाचायचात, आधी मराठीत, मग इतर प्रांतांतून आलेल्या कारीगरांसाठी तुमच्या त्या अचाट हिंदीत. माझं वाक्य लांबलं की घरी येऊन दम द्यायचात. "इतलं लांबडं! वाचनाराले मारी टाकशी का?" मी म्हणायचे, विचारच तेवढा मोठा आहे. तुम्ही म्हणायचात, विचार मोठा असू दे, श्वास तेवढाच आहे.

तो श्वासच पुरेना. वाक्याच्या मध्येच आवाजातून हवा निसटायला लागली, पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी. सगळे म्हणाले, घसा बसला. रुई जाते, ओरडून बोलावं लागतं, लूमवाल्याचा घसा बसणारच. मायनं ज्येष्ठमध दिलं, हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या. एका गुळणीचं पाणी तुमच्या नाकातून बाहेर आलं. "नळ आला, बादल्या लावा!" तुम्हीच ओरडलात. उजवा खांदा खाली आला, तेव्हा सगळे म्हणाले, ताके वाहून वाहून येतोच. कापडाचे ताके उचलणाऱ्या कोणाचे दोन्ही खांदे सारखे आहेत? बघायला गेलं तर खरंच कोणाचेच नव्हते.

प्रत्येक गोष्टीला धंद्यानं कारण दिलं, आप्पा, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

जीभ मात्र धंद्यात बसेना. समोरच्या इंदूमावशींनी ठेचा आणला होता. तुम्ही बोट लावून चाखलात. त्या म्हणाल्या, "तिखट लागलं का? जीभ दाखवा बरं भाऊ, लाल झाली का बघू." तुम्ही थट्टेनं जीभ काढलीत. ती सरळ आली नाही. ओठांच्या उजव्या कोपऱ्याकडे वळली आणि तिथेच राहिली. तिचा उजवा भाग सुकल्यासारखा झाला होता, आणि त्याच्या आत बारीक बारीक काहीतरी थरथरत होतं, वाळवी चालावी तसं. इंदूमावशींचं हसू ओठांवरच थांबलं. तुम्हाला काहीच कळलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "काय व्हयनं?" आणि जीभ आत घेतलीत.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. गुजराती होत्या, आपल्याशी हिंदीत बोलायच्या. तुमच्या घशात बॅटरी मारून त्यांनी मलाही पाहायला बोलावलं. "आ" म्हणताना पडजीभ डावीकडे ओढली जात होती. उजवी बाजू पडद्यासारखी नुसती लोंबत होती. मग फोटो निघाले, मोठं मशीन झालं. आणि एका सकाळी त्यांनी टेबलावर प्लास्टिकची कवटी उलटी ठेवली आणि पेन्सिलीचं टोक एका भोकावर टेकवलं.

"काका, यहाँ से तीन नसें नीचे उतरती हैं. निगलने की, आवाज की, कंधे की. साथ में एक बड़ी शिरा भी. और यह बाजूवाला छोटा छेद जीभ की नस का है. गाँठ ठीक यहीं बैठी है."

तुम्ही कवटी हातात घेऊन फिरवून पाहिलीत. मग तुमच्या त्या निसटत्या आवाजात म्हणालात, "मतलब खाते को एकही दरवाजा है." त्यांना कळेना. मी सांगितलं की लूमच्या शेडला बहुतेक ठिकाणी एकच अरुंद दार असतं, आग लागली तर सगळे तिथेच अडकतात, आणि दुसरं दार काढा म्हणून आम्ही पत्रक काढलं होतं. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "इसने लिखा था. डॉक्टर, हम इधर भी दूसरे दरवाजे का माँग करेंगे." बाई हसल्या. मग हसणं आवरून हळूच म्हणाल्या, "दूसरा दरवाजा नहीं है, काका."

तिथे मी पहिल्यांदा खरी घाबरले. लहानपणापासून मला एकच शिकवण मिळाली होती: अन्याय दिसला की आधी मागणी लिहायची आणि वर पत्ता घालायचा. शेठ, कंपनी, सरकार, महापालिका. प्रत्येक दुःखाला मालक असतो, असं तुमच्याच पत्रकांनी मला शिकवलं. या गाठीचा मालक कोण? मी म्हटलं, लूमनंच केलंय हे, मी लिहिणार. तुम्ही बाईंना विचारलंत. त्या म्हणाल्या, नाही, याचा लूमशी संबंध नाही, ही गाठ कोणालाही होते. घरी येताना रिक्षात तुम्ही मला बजावलंत, "खोटं नको लिखू, सुमे. शेठवर लिखाले खरं काय कमी शे?"

आज उत्तर देते. लूमनं तुम्हाला मारलं नाही. पण मारणारा आत आला तेव्हा लूम एवढी मोठ्यानं वाजत होती की त्याची चाहूल कोणाला लागली नाही. हे तरी मी लिहू शकते ना? की यालाही तुम्ही लांबडं वाक्य म्हणाल?

गाठ कॅन्सरची नाही, असं कळलं तेव्हा गल्लीत आनंद झाला. इंदूमावशींनी देवीला नारळ फोडला. प्रसाद द्यायला गेले तेव्हा डॉक्टरबाई मात्र खोबरं हातात धरून म्हणाल्या, गाठ साधी आहे, जागा वाईट आहे. ती मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीला बिलगलेली होती. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, काढायला गेलो तर ज्या नसा थोड्याफार उरल्यात त्याही जातील. रेडिएशनचा शेक देऊन वाढ थांबवता येईल. गेलेल्या नसा परत येणार नाहीत.

आणि या दुखण्याला नावं आहेत, आप्पा! डॉक्टरबाईंच्या जाड पुस्तकात मी पाहिली. तीन नसा गेल्या तर एका परदेशी डॉक्टरचं नाव. जिभेची चौथी गेली की दुसऱ्या दोघांचं. त्यावर डोळ्याची पापणी उतरली की आणखी एकाचं. माणूस एकेक पायरी उतरत जातो आणि प्रत्येक पायरीवर पाहणाऱ्याचं नाव कोरलेलं. उतरणाऱ्याचं कुठेच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाखाली भीती होती. बाईंनी सांगितलं होतं, उजव्या पापणीवर लक्ष ठेवा, ती उतरली तर लगेच या. त्या दिवसापासून सकाळी तुम्ही डोळे उघडायचात आणि मी आधीपासून तुमच्या तोंडावर वाकलेली असायचे. तुम्ही चिडायचात. "पोलीस शे का तू?"

पोलीसच झाले होते. कारण खरी गोष्ट पुढेच होती. पाणी बंद.

तसं पटायला कठीण. आजारी माणसाला आपल्याकडे पातळच देतात. पेज द्या, चहा द्या, सरबत द्या, घास उतरत नसेल तर घोट तरी उतरेल. बाई म्हणाल्या, उलट आहे. पातळ सगळ्यात धोक्याचं, ते नसांनी दार लावायच्या आत धावतं आणि फुप्फुसात जातं. घट्ट हळू जातं. मान उजवीकडे वळवायची, म्हणजे मेलेली बाजू दबते, हनुवटी छातीला लावायची, मग गिळायचं, मग खाकरायचं. पाणीसुद्धा आरारूट घालून दाट करून चमच्यानं द्यायचं.

पहिला चमचा तोंडात घोळवून तुम्ही डोळे वटारलेत. "पानी नही, ही खळ शे. माले भितवर चिकटाडशी का?" आयुष्यभर पत्रकं चिकटवायला तुम्ही घरी खळ शिजवलीत, तुम्हाला ती वासानं कळणारच. माय पदर तोंडाला लावून हसली, आणि मग हसता हसताच आत निघून गेली.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची, नळाची. गल्लीतला नळ आला की भांड्यांचा गोंधळ, पहिली जोराची धार पत्र्याच्या बादलीत, मग बादली भरत आली की बदलणारा आवाज. तुम्ही खाटेवर बसून ते ऐकायचात. डोळे मिटून, ओठ थोडे उघडे ठेवून. मी दाराशी माठाला पाठ लावून उभी. पाणी सर्वांचं आहे, पाणी अडवणारा माणुसकीचा वैरी आहे, असं मी पत्रकात लिहिलं होतं. ते नाक्यावर वाचून दाखवणारा माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याचं पाणी अडवून उभी होते.

"माले पानी दे."

"आणते, चमचा आणते."

"ते नही. पातय. एक घोट."

"आप्पा, नाही."

तेव्हाच इंदूमावशी बादली घेऊन दारावरून गेल्या. थांबल्या. "काय गं, बापाला घोटभर पाणी नाही देत? आणि जगाला हक्क वाटत फिरते!" मी ओरडले की त्यांच्या छातीत जाईल, न्यूमोनिया होईल. त्या म्हणाल्या, "आमचे सासरे शेवटी निव्वळ पाण्यावर होते. पाण्यानं कोणी मरतं का?" आणि तुम्ही, आप्पा, त्या अवस्थेतही मिश्कील हसलात आणि त्यांना म्हणालात, "युनियन करा मावशी. हाई शेठ आयकत नही."

शेठ. मला शेठ म्हणालात. ते मला किती लागलं हे मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते, आणि वर हेही सांगते की उद्या तुम्ही परत आलात तरी मी पुन्हा तिथेच, माठाला पाठ लावून उभी राहीन.

नाकातून नळी घालायची का, यावर आपण शेवटचे भांडलो. बाईंनी सुचवलं होतं. वजन उतरत होतं, जेवायला तास जायचा, प्रत्येक घासाला मी तुमच्या गळ्याच्या घाटीकडे बघत बसायचे, ती वर जाते का, खाली येते का. मला नळी हवी होती. नळी असती तर मला झोप आली असती. तुम्ही मान हलवलीत. "नाकमाईन जेवू का मी?" मग बराच वेळ दम गोळा करून म्हणालात, "तूच लिखं व्हतं ना, मानुसले मानुससारखं जगू द्या?"

"जगू द्या लिहिलं होतं. मरू द्या नव्हतं लिहिलं!"

तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. ते भांडण तिथेच थांबलंय. माझी पाळी संपली होती, तुमची यायची होती. तुमच्याकडे काय उत्तर होतं? तुम्ही हरलात म्हणून गप्प बसला नाहीत, एवढं मला कळतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं होतंत. मला वाटतं तुम्हाला माझी भीती दिसली आणि तुम्ही मला तिच्याबरोबर थोडा वेळ एकटं सोडलंत. याबद्दल मी ऋणी आहे की रागावलेली आहे, मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर मी ठसक्यांवर जगत होते. हे शहर प्लेग पाहिलेलं आहे, इथे कोणी जोरात खोकलं तर लोक अजून मागे सरकतात. मी पुढे सरकायचे. तुम्हाला ठसका लागला की माझा जीव जायचा, आणि तो लागेनासा झाला तेव्हा बाई म्हणाल्या, हे जास्त वाईट आहे. ठसका म्हणजे पहारेकरी जागा आहे. आता आत काही गेलं तरी तुम्हाला कळणार नाही. म्हणजे तोवर मी चुकीच्या गोष्टीला भीत होते. मग मी शांततेला भ्यायला लागले.

ताप आला. छातीत घरघर सुरू झाली. दवाखान्यात बाईंनी फोटो उजेडात धरला तेव्हा उजवं फुप्फुस खालून पांढरं झालं होतं, गिरणीच्या पिठासारखं. मी म्हटलं, पाणी तर आम्ही दिलंच नाही. शपथ घेऊन सांगते, कोणीच दिलं नाही. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. ही लाळ आहे. झोपेत स्वतःचीच लाळ जाते. ती कोण थांबवणार?

आप्पा, मी माठ राखत उभी राहिले आणि तुमच्याच तोंडातलं पाणी आत जात होतं. मी बाईंना विचारलं, मग घोटभर पाणी दिलं असतं तर? त्यांनी फोटो पाकिटात ठेवला. मग म्हणाल्या, "शायद पहले ही हो जाता. शायद इतना ही चलता. मैं नहीं बता सकती." मी पुस्तकं वाचून वाढलेली नाही, पत्रकं वाचून वाढले. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. आता तो माझ्या घरात राहायला आला आहे आणि जायचं नाव घेत नाही.

तुम्ही गेलात ती वेळ नळाचीच होती. शेवटी पापणी उतरली नाही, एवढं सांगते. दोन्ही डोळे सारखे मिटले.

तुम्हाला घरी आणलं, जमिनीवर ठेवलं. बायका जमल्या. मायनं तांब्यात तुळशीचं पान घातलं आणि ओंजळीतून तुमच्या ओठांवर पाणी सोडायला वाकली. मागून इंदूमावशी रडत म्हणाल्या, "आता तरी पिऊ दे गं त्यांना." आणि मी धावले. मला काही कळायच्या आत माझा एक हात तुमच्या हनुवटीखाली होता आणि दुसऱ्यानं मी तुमची मान उजवीकडे वळवत होते. मान ताठ झाली होती, वळेना. मी ओरडत होते, हळू, हळू, पातळ आहे ते! कोणीतरी मला मागे ओढलं. माय म्हणाली, "सोड आते, बेटा. सोड."

पाणी आत गेलं आणि ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तुम्ही खोकला नाहीत.

मग मी मायच्या हातून तांब्या घेतला. साधं पाणी होतं, नळाचं, त्याच सकाळी भरलेलं, गार. एक घोट. मग अजून एक. मग अजून. ते तुमच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं, खाली जमीन ओली झाली, तरी मी देत राहिले. आप्पा, तेव्हाही मला तीच भीती होती की तुम्हाला ठसका लागेल. आणि मी पहिल्यांदाच श्वास रोखून त्या ठसक्याची वाट पाहत होते.